शिक्कामोर्तब ते ओटीपी : ओळख पटवण्याचा थोडा इतिहास

व्याख्यानमालेच्या आयोजकांनी आम्हांला विषय दिला तो असा : 'ऑनलाइन जगात स्वतःची आणि कुटुंबाची सुरक्षितता'. आम्ही त्यांना म्हणालो, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आमचा आणि कॉम्प्युटरचा संबंध टायपिंग आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणं एवढाच. हा विषय एखाद्या इंजिनिअरला द्या. पण मग आमच्याच घरी एक प्रसंग घडला, आणि आम्ही हो म्हणून टाकलं. तो प्रसंग शेवटी सांगू. त्याआधी थोडा इतिहास बघू, कारण त्या प्रसंगानंतर आम्ही जी पुस्तकं पुन्हा काढून बसलो, ती इतिहासाची होती.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं आहे. ऑनलाइन फसवणूक ही यंत्राची नवी भानगड वाटते, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. समोर नसलेला माणूस 'मी अमुक' असं म्हणतो, तेव्हा तो अमुकच आहे हे ओळखायचं कसं? आपल्या पूर्वजांना हा प्रश्न रोज पडत होता, आणि त्यांनी त्यावर बरेच उपाय शोधून ठेवले होते.

सुरुवात पुण्यापासून करू. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊंचे काय झाले याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. ज्याचा शेवट डोळ्यांनी पाहिला नाही तो माणूस मेला असं मानायला मन तयार होत नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही पतीचे निधन अखेरपर्यंत मानले नाही असे सांगतात. अशा वेळी उत्तरेत एक माणूस उभा राहिला आणि म्हणू लागला, मीच भाऊ. हा बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. चेहरेपट्टी भाऊंसारखी. माधवराव पेशव्यांच्या काळातच तो पकडला गेला, चौकशी होऊन तोतया ठरला आणि कैदेत पडला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १७७६ मध्ये तो रत्नागिरीस कैदेत असताना तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. पुढच्या काही महिन्यांत कोकणातले किल्ले आणि हजारो माणसे त्याला मिळाली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर जावे लागले. त्याचा मोड झाला, पळताना तो आंग्र्यांच्या हाती लागला, आणि पुण्यास आणून त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. पुढे न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

आता बघा, एकदा चौकशीत खोटा ठरलेला माणूस दुसऱ्यांदा खरा कसा ठरला? त्याचं सोंग वठलं होतं म्हणून? नुसतं तेवढं नव्हे. १७७३ ला नारायणराव मारले गेले होते, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, गादीवर तान्हं मूल होतं आणि कारभार नाना फडणीस आणि सखारामबापूंकडे होता. अशा काळात कुणाला भाऊ परत यायला हवे होते, कुणाला नानांचा काटा काढायला भाऊ नावाचं निमित्त हवं होतं. तोतया चेहरा घेऊन आला, बाकीचं सगळं लोकांनी आपल्या पदरचं घातलं. आज व्हिडिओवर नेत्याचा किंवा मुलाचा हुबेहूब चेहरा आणि आवाज तयार करता येतो, त्याला डीपफेक म्हणतात. ते तंत्र नवीन आहे. त्याला फसणारं मन मात्र तेच आहे, आणि ते दोनच गोष्टींना फसतं : फार हवंहवंसं वाटणाऱ्याला आणि फार भीती वाटणाऱ्याला.

आता राज्यकारभाराकडे या. चेहऱ्यावर भागत नाही हे राज्यकर्त्यांना पूर्वीच कळले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. एक माषक घेऊन तो मुद्रा, म्हणजे प्रवासाचा परवाना द्यायचा. मुद्रेशिवाय ये-जा करणाऱ्याला दंड, आणि खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून जास्त दंड. याचा अर्थ काय? खऱ्या मुद्रेबरोबर खोटी मुद्राही त्याच काळात बाजारात आली होती!

मराठी कागदपत्रांत ही काळजी फार बारकाईने घेतलेली दिसते. पत्राच्या वर मुद्रा असे, तो शिक्का. आणि मजकूर संपला की त्याखाली मर्यादेचा लहान शिक्का मारीत, ते मोर्तब. आपण रोज 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो, पण मोर्तब कशासाठी होतं हे विसरलो. पत्र कुणाचं आहे हे शिक्का सांगे, आणि पत्र कुठे संपलं हे मोर्तब सांगे. त्याच्याखाली कुणी एक ओळ जरी घुसडली तरी ती बाहेरची आहे हे उघड व्हावं. म्हणजे 'हा माणूस खरा आहे का' आणि 'हा मजकूर मधल्या वाटेत कुणी बदलला का' हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्या काळच्या कारकुनांना पक्कं ठाऊक होतं. आज संगणकशास्त्रात डिजिटल सही हेच दोन प्रश्न सोडवते.

आमच्या मते सगळ्यांत हुशार मंडळी मात्र सावकारीतली. त्यांची हुंडी घ्या. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे आणि बनारसला उचलायचे, मधल्या वाटेवर रोकड न्यायची नाही. कागदाचा एक तुकडा, आणि त्यावर शेकडो कोसांवरचा माणूस पैसे मोजणार. मग तो कागद खोटा असला तर? त्यांनी काय काय केलं बघा.

एक, रक्कम नुसत्या आकड्यात लिहायची नाही. आकडा, अक्षर, आणि शिवाय निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट असंही लिहायचं. शंभराची हुंडी असेल तर 'पन्नास, त्याचे दुप्पट शंभर'. आकड्यापुढे शून्य वाढवणाऱ्याला आता तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागणार. दोन, हुंडी देणारा आपल्या तिकडच्या आडत्याला वेगळं पत्र पाठवी की अमुक नावाने अमुक रकमेची हुंडी केली आहे. हुंडी एका हाताने गेली, खबर दुसऱ्या वाटेने गेली, आणि दोन्ही जुळल्या तरच पैसे. तीन, हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपैठ. आणि चौथा उपाय सगळ्यांत मोठा : शाहजोग हुंडी. हिचे पैसे कुणाही आल्यागेल्याला मिळत नसत. ते 'शाह'लाच द्यायचे, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्याला. उद्या हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहवर. थोडक्यात, अनोळखी माणसाला पैसे देण्याआधी मध्ये एक ओळखीचा माणूस उभा करायचा.

हुंडीच्या या दुसऱ्या उपायाकडे पुन्हा बघा. खबर वेगळ्या वाटेने. आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी दुसरं काय असतो? २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला ही दुसरी पायरी सक्तीची केली. कार्डाचा नंबर एका वाटेने, ओटीपी दुसऱ्या वाटेने. म्हणूनच ठगाला तुमचा नंबर मिळून भागत नाही, त्याला ती दुसरी वाट तुमच्याच तोंडून हवी असते. तुम्ही ओटीपी वाचून दाखवता, तेव्हा पेढीला गेलेलं खबरेचं पत्र तुम्ही स्वतः फोडून चोराच्या हाती देता.

आता अंतर आणि वेग वाढला की काय होतं ते बघू. फ्रान्समध्ये तारेच्याही आधी मनोऱ्यांची साखळी होती. एका मनोऱ्यावरचे लाकडी हात हलले की दुर्बिणीतून पुढचा मनोरा ते बघे आणि तीच खूण पुढे करी. सरकारी निरोपांसाठीची ही सोय. १८३४ ते १८३६ या काळात बोर्दोच्या ब्लां नावाच्या दोन भावांनी तूर येथील मनोऱ्यावरच्या कामगाराला लाच देऊन वश केलं. पॅरिसच्या शेअरबाजाराची हालचाल कळवण्यासाठी तो सरकारी निरोपात एक चुकीची खूण घाली आणि लगेच 'मागची खूण रद्द' अशी खूण करी. निरोप शेवटी बिनचूक पोहोचे, पण बोर्दोजवळ बसलेल्या यांच्या माणसाला मधली चूक दिसून जाई. दोन वर्षं हे चाललं. पकडले गेले तेव्हा असं लक्षात आलं की या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नाही, आणि ते जवळजवळ सहीसलामत सुटले. मग १८३७ मध्ये कायदा झाला. मनोरे शाबूत होते, खुणांचा कोश शाबूत होता, फुटला तो माणूस. आणि कायदा नेहमीप्रमाणे मागून आला. आपल्याकडेही लोकांसाठी इंटरनेट आलं १९९५ ला, माहिती तंत्रज्ञान कायदा आला २००० ला, आणि दुसऱ्याचं रूप घेऊन संगणकावरून फसवण्याचं स्वतंत्र कलम त्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलं गेलं.

आमच्या पिढीला मनीऑर्डर आठवेल. ती आली १८८० ला. मुंबईच्या गिरणीत राबणारा माणूस कोकणात, घाटावर पैसे पाठवी, आणि खाली दोन ओळी खुशाली. घरातल्या बाईला अक्षरओळख नाही. मग पोस्टमन दारात बसून वाचून दाखवी, साक्षीदार बोलावी, डाव्या हाताचा अंगठा घेई, आणि मग नोटा मोजी. अंगठ्याचाही इतिहास आहे. १८५८ ला बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्देश काय, तर पुढे 'ही सही माझी नव्हेच' असं त्याने म्हणू नये. त्यातून पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. आज आपण आधारच्या यंत्रावर बोट ठेवतो ते तिथून आलेलं. पण मनीऑर्डर सुरक्षित होती ती नुसत्या अंगठ्यामुळे का? तिच्यात दारात बसलेला, घर ओळखणारा पोस्टमन होता. नव्या व्यवस्थेत अंगठा राहिला आणि पोस्टमन गेला.

आता थोडं आमच्या विषयाचं. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. मराठीत आपण आप्त म्हणजे नातलग म्हणतो. शास्त्रात तसं नाही. वात्स्यायनांनी आप्ताच्या अटी सांगितल्या आहेत : त्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली हवी, आणि जशी कळली तशीच सांगण्याची त्याची इच्छा हवी. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. गणवेश, पदवी, नातं यांतलं काहीही त्यात नाही. आता व्हॉट्सॲपवर मामांनी पाठवलेला निरोप घ्या. मामा आपले आप्त आहेत ते मराठी अर्थाने. त्या निरोपाबाबत ते शास्त्राच्या अर्थाने आप्त आहेत का? त्यांना स्वतःला ते ठाऊक आहे का? बहुतेक वेळा त्यांनाही कुणीतरी पाठवलेलं असतं.

दुसरा वाद प्रामाण्याचा. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते आपोआप खरं धरायचं, खोटं ठरवायचं असेल तर तसं कारण दाखवा. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून ठरतो, त्याचा पडताळा घ्यावा लागतो. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं. रोजच्या आयुष्यात आपण मीमांसकच असतो आणि तसंच असावं लागतं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचा पडताळा घेत बसलो तर जगणं अशक्य होईल. पण पैसे, कागदपत्रं आणि लेकरं यांच्या बाबतीत, फोन आपण केलेला नसताना पलीकडून आला असेल तर, त्या क्षणापुरतं नैयायिक व्हायचं. आणि इथे 'पिऊन बघू' हा पडताळा परवडत नाही. दुसऱ्या वाटेने खात्री आधी, कृती नंतर.

तर आता तो प्रसंग. हा प्रामाण्यवाद आम्ही तीसेक वर्षं शिकवला आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

एका सकाळी आम्ही घरी एकटेच होतो. फोन आला, तुमच्या नावाने पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. आम्ही म्हटलं, आम्ही काही पाठवलं नाही. ते म्हणाले, तुमचा आधार वापरला गेलाय, तपास अधिकाऱ्यांशी बोला. मग व्हिडिओ कॉल. गणवेश, मागे बोधचिन्ह, वायरलेसचे आवाज. आम्हांला सांगितलं की तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही, घरच्यांशीसुद्धा नाही. आम्ही हललो नाही. जवळजवळ तीन तास. पाणी प्यायला परवानगी मागितली. शेवटी ते म्हणाले, तुमचे पैसे पडताळणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, दोन दिवसांत परत मिळतील. आणि आम्ही मुदत ठेव मोडण्यासाठी बँकेचं ॲप उघडलं होतं.

तेवढ्यात आमच्या सौ. बाहेरून आल्या. त्यांनी आमचा चेहरा पाहिला, पडदा पाहिला, आणि विचारलं काय चाललंय. आम्ही हाताने गप्प राहायची खूण केली. त्या म्हणाल्या, "अहो, चौकी कोपऱ्यावर आहे. हे खरे पोलीस असतील तर चौकीतले ओळखतीलच. उठा, चप्पल घाला." पलीकडचा माणूस ओरडायला लागला. त्यांनी फोन बंद केला.

तत्त्वज्ञानाचा एक शब्दही त्यांनी शिकलेला नाही. पण त्यांनी केलं ते पेढीवरच्या मुनिमाने केलं असतं तेच. खबर दुसऱ्या वाटेने तपासायची. चौकीतल्या हवालदाराने आम्हांला पाणी दिलं आणि म्हणाला, काका, फोनवर अटक करायचा कायदाच नाही. तेही आम्हांला ठाऊक असायला हवं होतं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, आणि आम्ही ते ऐकलंही होतं.

यापुढचं सांगायला जास्त जड जातं. ही गोष्ट आम्ही मुलाला पंधरा दिवस सांगितली नाही. लाज वाटली. आता बाबांचं डोकं चालत नाही असं त्याला वाटेल, आणि मग पैशाचे व्यवहार आपल्या हातून जातील, अशी भीती. आमच्या वयाच्या किती जणांनी आयुष्याची पुंजी घालवून ती गोष्ट कपाटात ठेवली असेल! 'घरी सांगू नका' असं ठग एकदा म्हणतो. पुढे ते काम आपली लाजच करते.

म्हणून उपाय सांगतो ते घराचे सांगतो, यंत्राचे नव्हे.

पहिला : ज्याने फोन केला त्याच्याच फोनवर खात्री करायची नाही. फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरवर आपण करायचा. दुसरा : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. तिसरा : घराचा एक परवलीचा शब्द ठरवा. पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात, आणि तो मूळचा पहाऱ्यावरचा. अंधारात आलेल्याला पहारेकरी तो विचारी. उद्या नातवाच्या आवाजात कुणी रडत फोन केला की 'आजोबा, अपघात झालाय, पैसे पाठवा', तर तो शब्द विचारा. आम्ही घरात ठरवलाय. तुम्हांला सांगणार नाही!

चौथा मुलांसाठी. पूर्वी गावात अनोळखी माणूस शिरला की पारावरून कुणीतरी विचारी, कुणाकडचे पाव्हणे? मोबाइलमधल्या खेळात मुलाशी बोलणाऱ्याला हे कुणी विचारत नाही, ते आपण विचारायचं. पण ओरडून नव्हे. मुलाने चूक केली, फोटो पाठवला, कुणी धमकावलं, तर मार बसेल या भीतीने ते मूल आपल्याकडे न येता त्या धमकावणाऱ्याचंच ऐकत राहतं. आम्ही तीन तास बसलो होतो तसंच.

आणि पाचवा : पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन, आणि बँकेला कळवणं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी मधल्या खात्यात ती रक्कम अडण्याची शक्यता जास्त. लाजेत घालवलेला प्रत्येक तास चोराच्या कामी येतो.

हुंडीवाल्यांनी मध्ये एक शाह उभा केला होता, मनीऑर्डरीत पोस्टमन होता. आज तशी व्यवस्था आपल्याला कुणी देईल तेव्हा देईल. तोवर एकमेकांचे शाह आपणच व्हायला हवं. आमच्या घरी आता नियम आहे : दहा हजारांच्या वरची रक्कम दोघांना कळल्याशिवाय हलत नाही. सुरुवातीला आम्हांला तो अपमान वाटला होता. आता वाटत नाही.

आज घरी गेलात की एवढं करा, जेवताना कुणाला कधी कसला फोन आला होता ते विचारा. आपली गोष्ट आधी सांगा, म्हणजे समोरचा आपली सांगेल. आमच्या मुलाला आम्ही सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाबा, मलाही गेल्या वर्षी गंडवलं होतं. तुम्हांला सांगितलं नाही."